पान्ह्यामागचा रेणू

बाळ स्तनाला लागले की आईच्या मेंदूकडे संदेश जातो आणि पिट्युटरी ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात उतरतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते. ते बाहेर आणण्याचे काम ऑक्सिटोसिनचे. दूध बनवणाऱ्या पेशींभोवतीचे बारीक स्नायू ते आवळते आणि पान्हा फुटतो. हे ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत प्रथम तयार केले अमेरिकेतील विन्सेंट ड्यू विन्यो यांनी.

त्यांचा जन्म १९०१ साली शिकागोत झाला. इलिनॉय विद्यापीठात शिकताना खर्चासाठी त्यांनी वेटरचे कामही केले. पुढे इन्शुलिनमधील गंधकावर संशोधन करून १९२७ मध्ये ते डॉक्टरेट झाले. हा गंधक त्यांनी जन्मभर सोडला नाही. पिट्युटरीच्या अर्कावरील काम १९३०च्या दशकात सुरू झाले, मध्येच महायुद्ध आले आणि त्यांना पेनिसिलिनकडे वळावे लागले. युद्धानंतर न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जुने काम पुन्हा हाती घेतले. जनावरांच्या ग्रंथींच्या अर्कातून शुद्ध ऑक्सिटोसिन वेगळे काढणे हेच मोठे जिकिरीचे होते. अखेर उलगडले, की नऊ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी असून गंधकाच्या दोन अणूंच्या जोडामुळे तिचे एक कडे बनते.

१९५३ मध्ये त्यांनी हा रेणू कृत्रिमरीत्या जुळवला. पण तो खरा की केवळ दिसायला सारखा? त्याची कसोटी बाळंतिणींवर लागली. शिरेतून सुमारे एक मायक्रोग्रॅम देताच अर्ध्या मिनिटात दूध वाहू लागले, अगदी नैसर्गिक संप्रेरकासारखे. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

दूध बनणे आणि दूध उतरणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरातल्या मंडळींनी ध्यानात घ्यायला हवे. टाके दुखत असतील, झोप नसेल, त्यात कोणी टोचून बोलत असेल, तर ऑक्सिटोसिन अडते आणि भरल्या स्तनातूनही दूध येत नाही. अशा वेळी 'हिला दूधच नाही' म्हणून डबा आणणे घाईचे ठरते. पाजताना ओटीपोटात येणारी कळही याच संप्रेरकाची. तिने गर्भाशय आकुंचन पावते व रक्तस्राव कमी होतो. प्रसूतीनंतर दिले जाणारे इंजेक्शन म्हणजे हाच रेणू.

१९७४ मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने ड्यू विन्यो यांचे काम थांबले. १९७८ साली त्यांचे निधन झाले.