फ्रेडरिक बँटिंग

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या बालकाला मधुमेह जडला म्हणजे त्याच्या घरावर आभाळ कोसळत असे. मूल सारखे पाणी मागे, सारखे लघवीला जाई, भरपेट जेवूनही दिवसेंदिवस वाळत जाई. शेवटी त्याची शुद्ध हरपे आणि वर्ष-दोन वर्षांत तो दिवा विझून जाई. हा रोग काही नवा नव्हता. आपल्या सुश्रुताच्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे आणि रोग्याचे मूत्र मधासारखे गोड होते म्हणूनच त्याला मधुमेह हे नाव पडले. रोग ओळखता येत होता. परंतु त्यावर उपाय मात्र कोणाजवळही नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यांना एकच मार्ग माहीत होता. तो म्हणजे रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवणे. अन्न तोडले की शरीरातील साखर आटोक्यात राही आणि मृत्यू थोडा लांबे. दहा-बारा वर्षांची मुले अशा उपासाने अस्थिपंजर होऊन अंथरुणावर पडून राहत. आईबापांनी मुलाला मधुमेहाने मरू द्यावे की भुकेने, एवढीच काय ती निवड उरली होती.

या मुलांना मृत्यूच्या दारातून परत आणणारे औषध ज्याच्या हट्टातून जन्माला आले, त्या फ्रेडरिक बँटिंगची ही कथा आहे.

कॅनडा देशाच्या ओंटॅरिओ प्रांतात ॲलिस्टन नावाचे एक लहान गाव आहे. त्या गावाजवळच्या एका शेतावर १४ नोव्हेंबर १८९१ रोजी फ्रेडरिकचा जन्म झाला. शेतकरी बापाचा हा सर्वांत धाकटा मुलगा. कष्टाची सवय त्याला घरातच लागली. बुद्धीची चमक मात्र शाळेत कोणाला फारशी दिसली नाही. पुढे टोरांटो विद्यापीठात तो सामान्य शिक्षणासाठी गेला, तेव्हा पहिल्याच वर्षी नापास झाला. मग त्याने आपला मार्ग बदलला आणि १९१२ साली वैद्यकाच्या अभ्यासक्रमात नाव घातले. १९१६ साली पदवी हाती पडताच तो सैन्यात डॉक्टर म्हणून भरती झाला, कारण तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. १९१८ साली फ्रान्समधील कांब्रे येथील लढाईत तोफगोळ्यांच्या वर्षावात त्याने जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. तेथेच त्याच्या उजव्या हाताला गोळ्याचा तुकडा लागला. या शौर्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस हे पदक मिळाले.

युद्ध संपल्यावर तो मायदेशी परतला आणि १९२० च्या जुलै महिन्यात ओंटॅरिओमधल्याच लंडन नावाच्या शहरात त्याने दवाखाना थाटला. दारावर पाटी लागली. पण रोगी काही येईनात. दिवसामागून दिवस डॉक्टर दाराकडे डोळे लावून बसून राही. पहिल्या महिन्याची त्याची सारी कमाई चार डॉलर झाली! पोटासाठी त्याने तेथील विद्यापीठात विद्यार्थ्यांना शिकविण्याचे थोडे काम पत्करले. दवाखाना चांगला चालला असता, तर पुढचे काहीच घडले नसते, असे कधीकधी मनात येते.

३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री बँटिंग दुसऱ्या एका पाठाची तयारी करीत होता. शरीर साखरेचा उपयोग कसा करते, हा त्या पाठाचा विषय. झोपण्यापूर्वी सहज म्हणून त्याने नव्याने आलेले वैद्यकीय मासिक उघडले. त्यात बॅरन नावाच्या एका डॉक्टरचा स्वादुपिंडावरील लेख होता.

स्वादुपिंड ही आपल्या जठराच्या मागे असलेली एक ग्रंथी आहे. ती पाचकरस तयार करते आणि तो रस एका नलिकेतून आतड्यात जातो. १८६९ साली बर्लिनमधील लांगरहान्स नावाच्या तरुण विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकातून या ग्रंथीत निराळ्याच पेशींचे लहान लहान पुंजके दिसले. समुद्रात बेटे विखुरलेली असावीत तसे ते दिसत होते. त्यांचे कार्य मात्र त्याला उमगले नाही. पुढे १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मिन्कोव्स्की आणि मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. पाहतात तो कुत्र्याला मधुमेह झालेला! यावरून विद्वानांनी असा तर्क केला की, त्या बेटांतून एक अंतःस्राव सरळ रक्तात मिसळत असावा आणि साखर कामी लावण्याचे काम तोच करीत असावा. हा स्राव नसला म्हणजे रक्तात साखर भरपूर असूनही शरीराला ती वापरता येत नाही. धान्याने भरलेल्या कोठारात माणूस उपाशी मरावा, तशी स्थिती होते. मग हा स्राव बाहेर काढून रोग्याला का देऊ नये? अनेकांनी हा प्रयत्न केला. परंतु ग्रंथी कुटून काढलेला अर्क कधी निरुपयोगी ठरे, तर कधी विषारी. ग्रंथीतलाच पाचकरस त्या नाजूक स्रावाचा नाश करीत असावा, असे तेव्हा मानले जाई.

बॅरनच्या लेखात लिहिले होते की, स्वादुपिंडाची नलिका खड्याने बंद झाली तर पाचकरस तयार करणारा भाग झिजून जातो. बेटे मात्र शाबूत राहतात. बँटिंगची झोप उडाली. रात्री दोनच्या सुमारास उठून त्याने आपल्या वहीत चार ओळी खरडल्या. कुत्र्यांच्या स्वादुपिंडाची नलिका बांधावी, पाचक भाग झिजेपर्यंत थांबावे आणि मग उरलेल्या भागातून तो स्राव काढून पाहावा, असा त्यांचा आशय होता. या टिपणात मधुमेहाच्या इंग्रजी नावाचे स्पेलिंगही त्याने चुकीचे लिहिले होते. आमच्यासारख्या मास्तरांनी त्यावर लाल शाईची रेघ ओढली असती.

ही कल्पना घेऊन तो टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक मॅक्लाउड यांच्याकडे गेला. मॅक्लाउड हे शर्करेच्या विषयातले मोठे अधिकारी. समोर बसलेल्या डॉक्टरचे या विषयातील ज्ञान बेताचेच आहे, हे त्यांनी तत्काळ ताडले. तरीही हे करून पाहण्याजोगे आहे, असे त्यांना वाटले. त्यांनी उन्हाळ्यापुरती एक प्रयोगशाळा, दहा कुत्री आणि चार्ल्स बेस्ट नावाचा एक तरुण विद्यार्थी त्याला दिला. मॅक्लाउड यांच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली; पण ज्याच्या नावावर एकही संशोधन नाही, अशा परक्या माणसाला त्यांनी आपले दार उघडून दिले, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

१७ मे १९२१ रोजी कामाला आरंभ झाला. बेस्टचे वय होते अवघे बावीस. बँटिंग शस्त्रक्रिया करी आणि बेस्ट रक्तातील साखर मोजी. त्या वर्षीचा उन्हाळा कडक होता आणि कामाची जागा कोंदट, गलिच्छ. पगार असा काही ठरलेला नव्हता. आरंभी अपयशावर अपयश येत गेले. कुत्री दगावली. नलिका बांधण्यासाठी वापरलेला तातीचा दोरा आतल्या आत विरघळून गेला आणि अनेक आठवड्यांचे श्रम वाया गेले. मग रेशमाचा दोरा वापरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

अखेर ३० जुलै रोजी मधुमेह झालेल्या एका कुत्र्याला अर्काची सुई टोचली. तासाभरात त्याच्या रक्तातील साखर पुष्कळ उतरली. तो कुत्रा जगला नाही. पण आशेचा किरण दिसला. ऑगस्टमध्ये दोन कुत्र्यांची स्वादुपिंडे एकाच दिवशी काढण्यात आली. एकाला अर्क दिला नाही. तो चार-पाच दिवसांत मेला. दुसरा कॉली जातीचा होता. वहीत त्याची नोंद ‘९२ क्रमांक’ एवढीच असली, तरी प्रयोगशाळेत तो सर्वांचा लाडका झाला होता. अर्क मिळत होता तोवर तो शेपूट हलवीत बँटिंगच्या मागे मागे फिरे. अर्क संपल्यावर, विसाव्या दिवशी, तोही गेला. युद्धात कित्येक मृत्यू पाहिलेल्या बँटिंगला त्या दिवशी एकांतात रडू आवरेना. मुक्या प्राण्यांच्या जिवावर चाललेल्या या प्रयोगांविषयी वाचताना तुमच्याही मनात कालवाकालव होईल, आणि ती होणे योग्यच आहे. आजही या प्रश्नावर सुज्ञ लोकांत मतभेद आहेत.

गंमत अशी की, ज्या कल्पनेने बँटिंगची झोप उडविली, ती नलिका बांधण्याची युक्ती पुढे अनावश्यक ठरली. खाटीकखान्यातून आणलेल्या वासरांच्या आणि बैलांच्या स्वादुपिंडांवर मद्यार्काची प्रक्रिया केली, तरी अर्क मिळतो असे दिसून आले. आता अडचण उरली ती अर्क शुद्ध करण्याची. हे काम बँटिंग किंवा बेस्ट यांच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून डिसेंबर महिन्यात जेम्स कॉलिप हा कुशल जीवरसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाला.

टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड टॉम्सन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मरणपंथाला लागला होता. त्याचे वजन होते फक्त ६५ पौंड, म्हणजे सुमारे २९ किलो. ११ जानेवारी १९२२ रोजी बँटिंग व बेस्ट यांनी केलेला अर्क त्याला टोचण्यात आला. तो अर्क गढूळ, तपकिरी होता. साखर थोडी उतरली. पण सुई टोचलेल्या जागी गळू झाले आणि उपचार थांबवावे लागले. त्यानंतरचे बारा दिवस कॉलिपने प्रयोगशाळेत अहोरात्र काम केले आणि अर्क शुद्ध करण्याची रीत त्याला साधली. २३ जानेवारी रोजी नवा अर्क टोचताच २४ तासांत लिओनार्डच्या रक्तातील साखर ५२० वरून १२० वर आली. निस्तेज पडलेला मुलगा अंथरुणात उठून बसला. तो पुढे १३ वर्षे जगला.

एवढा मोठा विजय हाती येत असताना या चौघांत सलोखा होता असे मात्र नाही. आपले श्रेय दुसरा कोणी घेईल, ही भीती बँटिंगच्या मनाला सारखी पोखरीत होती. कॉलिप शुद्धीकरणाची रीत सांगेना, तेव्हा प्रकरण हातघाईवर आले! शेवटी लेखी करार करून कामाची घडी बसवावी लागली. त्यातच वसंत ऋतूत आणखी एक संकट आले. अधिक प्रमाणात औषध करू जाता कॉलिपला ते साधेनासे झाले आणि रोगी वाट पाहत असताना कुप्या रिकाम्या राहिल्या. मे महिन्याच्या सुमारास ती रीत पुन्हा हाती आली. याच महिन्यात वॉशिंग्टन येथील वैद्यांच्या सभेत मॅक्लाउड यांनी हा शोध जाहीर केला. औषधाचे नाव ठेवले होते इन्सुलिन. लॅटिन भाषेत ‘इन्सुला’ म्हणजे बेट, हे कळले की या नावाचे मूळ लक्षात येते.

वार्ता पसरताच दूरदूरचे रोगी टोरांटोकडे धावले. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज ऑगस्टमध्ये तेथे आली. तिला पंधरावे वर्ष पुरे होत होते आणि वजन होते जेमतेम ४५ पौंड. तीन वर्षे तिने घासन् घास मोजून खाल्ला होता. बँटिंगने तिला इन्सुलिन सुरू केले आणि पोटभर जेवू दिले. ही मुलगी पुढे शिकली, तिचा संसार झाला आणि १९८१ सालापर्यंत ती जगली.

या औषधावर बँटिंगला अमाप द्रव्य मिळविता आले असते. पण रोग्याच्या औषधावर स्वामित्व सांगणे डॉक्टरला शोभत नाही, असे त्याला वाटे. पेटंट घेतले नाही तर दुसराच कोणी ते घेऊन साऱ्यांची अडवणूक करील, हेही उघड होते. म्हणून बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांच्या नावे पेटंट घेण्यात आले आणि तिघांनी ते प्रत्येकी एक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले. अमेरिकेतील इलाय लिली कंपनीने विपुल प्रमाणात इन्सुलिन तयार करण्यास आरंभ केला आणि एक-दोन वर्षांतच ते देशोदेशी पोहोचले.

१९२३ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड या दोघांना विभागून मिळाले. बँटिंगचे वय तेव्हा ३२ वर्षांचे होते. बेस्टला वगळल्याबद्दल तो इतका संतापला की, प्रथम पारितोषिकच नाकारण्याच्या विचारात होता. मग आपल्या वाट्याचे अर्धे द्रव्य त्याने बेस्टला दिले आणि मॅक्लाउड यांनी आपले अर्धे कॉलिपला दिले. रुमानियातील प्राध्यापक पॉलेस्कू यांनी १९२१ सालीच असाच अर्क काढून कुत्र्यांवर त्याचा परिणाम दाखविला होता. त्यांची मात्र पारितोषिकाच्या वेळी कोणाला आठवण झाली नाही.

पुढे बँटिंगला सर हा किताब मिळाला. टोरांटो विद्यापीठात त्याच्या नावाने संशोधनसंस्था निघाली. तरी इन्सुलिनच्या तोडीचा दुसरा शोध त्याच्या हातून लागला नाही. समारंभ व भाषणे यांचा त्याला कंटाळा होता. सवड मिळाली की रंगपेटी घेऊन तो हिमाच्छादित रानांची चित्रे काढावयास निघून जाई. १९२७ साली तर एका चित्रकार मित्राबरोबर तो थेट उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात जाऊन आला.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा तो पुन्हा सैन्याच्या कामात शिरला. उंच उडणाऱ्या वैमानिकांच्या शरीरावर होणाऱ्या परिणामांचे संशोधन त्याच्या देखरेखीखाली चाले. याच कामासाठी १९४१ च्या फेब्रुवारीत तो विमानाने इंग्लंडला निघाला. न्यू फाउंडलंड बेटावरून समुद्राकडे जाताच विमानात बिघाड झाला आणि ते बर्फाने भरलेल्या रानात कोसळले. दोन सोबती तत्काळ ठार झाले. वैमानिक तेवढा चालण्याच्या स्थितीत होता. मदत शोधण्यासाठी तो बर्फ तुडवीत बाहेर पडला. परत येऊन पाहतो तो बँटिंगचा देह विमानाशेजारी निश्चल पडलेला होता. तो दिवस होता २१ फेब्रुवारी. त्याला पन्नासावे वर्ष चालू होते.

आता इन्सुलिनसाठी बैलांची किंवा डुकरांची स्वादुपिंडे लागत नाहीत. १९७८ साली सूक्ष्म जंतूंकडून मानवी इन्सुलिन तयार करवून घेण्याची युक्ती शास्त्रज्ञांना साधली आणि १९८२ पासून ते बाजारात आले. इन्सुलिनने मधुमेह समूळ बरा होत नाही. ज्या मुलांच्या शरीरात ते तयारच होत नाही, त्यांना ते रोज टोचून घ्यावे लागते. तुमच्या वर्गातही असा एखादा सोबती असेल. जेवणापूर्वी तो स्वतःच्या हाताने सुई टोचून घेतो आणि घंटा झाली की तुमच्याबरोबर खेळायला मैदानावर धावतो. १४ नोव्हेंबर हा दिवस आपण बालदिन म्हणून साजरा करतो. १९९१ सालापासून हाच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो, कारण ॲलिस्टनजवळच्या त्या शेतावर बँटिंगचा जन्म त्याच दिवशी झाला होता.