फादर स्टीफन्स : एक तौलनिक टिपण

मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या सुमारे तीस भाषा एकाच कुलातील आहेत. दिएगो दे लांदा या धर्मोपदेशकाने १५६२ मध्ये युकातानमधील मानी येथे त्यांचे ग्रंथ जाळले. पुढे त्यानेच टिपून ठेवलेल्या चिन्हांवरून १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह यांना माया लिपीच्या उकलीची वाट सापडली. लांदा निवर्तला त्याच वर्षी, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट गोव्यास पोहोचले.

धर्मप्रसार हेच स्टीफन्स यांचेही कार्य होते. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती आणि नवख्रिस्ती समाज पुराणश्रवणास मुकला होता. ही उणीव ओळखून त्यांनी मराठी व कोकणी या भाषांचा व्यासंग केला. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळते, हे त्यांनी १५८३ मध्येच आपल्या बंधूस कळविले. विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध व्याख्यान १७८६ चे. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे कोकणी व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले.

पोर्तुगीज शासनाने १६८४ मध्ये देशी भाषेच्या वापरावर बंदी घातली. क्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. माया लिपीची किल्ली तिच्या विध्वंसकाच्या टिपणात उरली. स्टीफन्स यांचा ग्रंथ मात्र वाचकांनी हाताने उतरविलेल्या पोथ्यांतून टिकला. भाषेत मनोभावे रुजलेल्या ग्रंथाला राखणदार त्या भाषेतच मिळतात, हे या चरित्राचे सार होय.