ताशी १०३ किलोमीटरनं ट्रॅक्टर पळवणारा बार्नी ओल्डफिल्ड, आणि त्याला उशिरा उमगलेली चासीची किंमत

आज ट्रॅक्टरला रबरी टायर असतात, यात कुणाला काही नवल वाटत नाही. पण नव्वद वर्षांमागं अमेरिकेतले ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर चालायचे. आपण चिखलणीला केज व्हील लावतो ना, साधारण तसली दातेरी चाकं. हवा भरलेलं टायर वावरात टिकेल यावर तिथल्या शेतकऱ्याचा विश्वास बसत नव्हता. मग एलिस-चामर्स या ट्रॅक्टर कंपनीनं १९३३ साली एक डाव टाकला. पंचावन्न वर्षांच्या एका माणसाला आपल्या मॉडेल यू ट्रॅक्टरवर बसवलं. गिअर बदललेला तो ट्रॅक्टर त्यानं टेक्सासातल्या डॅलसला ताशी १०३ किलोमीटरनं पळवून दाखवला. ट्रॅक्टर आणि १०३! पेपरात बातमी झाली आणि रबरी टायरची चर्चा घरोघरी पोचली.

त्या माणसाचं नाव बार्नी ओल्डफिल्ड. मोटार शर्यतीच्या पहिल्या जमान्यातला सगळ्यात गाजलेला ड्रायव्हर. त्याचे किस्से भरपूर आहेत. पण त्याच्या आयुष्यात एक गोष्ट आपल्यासारख्या ट्रॉली-ट्रॅक्टरवाल्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ती म्हणजे गाडीची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा.

सायकलवाला मोटारीवर बसला

बार्नीचा जन्म २९ जानेवारी १८७८ ला ओहायो राज्यातल्या वॉसिऑन इथं झाला. घरची स्थिती बेताची. पोरगा सायकल शर्यतीत उतरला आणि त्यात नाव कमावलं. तिथंच टॉम कूपर नावाच्या दुसऱ्या सायकलपटूशी दोस्ती झाली.

१९०२ साली हा कूपर आणि हेन्री फोर्ड मिळून डेट्रॉइटला शर्यतीची गाडी बनवत होते. फोर्ड तेव्हा आजच्यासारखं मोठं नाव नव्हतं. त्याची आधीची कंपनी बुडालेली होती. दोघांनी दोन गाड्या बनवल्या. एकीचं नाव ॲरो आणि दुसरीचं ९९९. त्या काळच्या एका वेगवान रेल्वे इंजिनाचा हा नंबर, तोच गाडीला दिला.

९९९ म्हणजे निव्वळ सांगाडा. वर बॉडी नाही, बॉनेट नाही, छत तर नाहीच. चासी ॲश नावाच्या चिवट लाकडाची आणि तिला पोलादी पट्ट्यांचा आधार. आपल्याकडं लाकडी बैलगाडीला लोखंडी पट्ट्या मारून घ्यायचे, तशातलाच प्रकार. त्या चासीवर इंजिन बसवलं ते जवळपास १९ लिटरचं. आपल्या ४५-५० एचपी ट्रॅक्टरचं इंजिन ३ लिटरच्या आसपास असतं, यावरून अंदाज करा. इंजिन उघडंच, त्यामुळं तेलाचे फवारे ड्रायव्हरच्या अंगावर. मागच्या बाजूला स्प्रिंग नाहीत. म्हणजे रस्त्यातला प्रत्येक दणका थेट चासीत आणि चासीतून माणसाच्या मणक्यात. स्टिअरिंगला गोल चाक नव्हतं, सायकलच्या हँडलसारखा आडवा दांडा होता.

असं सांगतात की गाडी बनवली खरी, पण पूर्ण जोरात पळवायची फोर्ड आणि कूपर दोघांचीही छाती होईना. मग कूपरनं बार्नीला बोलावलं. बार्नीनं तोवर मोटार चालवलेलीच नव्हती. आठवडाभरात शिकला आणि २५ ऑक्टोबर १९०२ ला ग्रोस पॉइंटच्या शर्यतीत उतरला. समोर अलेक्झांडर विंटन, त्या वेळचा नावाजलेला गाडीवाला. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटरचं अंतर बार्नीनं ५ मिनिटं २८ सेकंदांत कापलं आणि शर्यत जिंकली. फोर्डचं नाव गाजलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये फोर्ड मोटर कंपनी उभी राहिली. त्याच महिन्यात, २० जून १९०३ ला, बार्नीनं इंडियानापोलिसच्या मातीच्या गोल ट्रॅकवर एक मैल ५९.६ सेकंदांत कापला. गोल ट्रॅकवर मिनिटाच्या आत मैल कापणारा तो पहिलाच.

चिरूट, जत्रा आणि मरणं

इथून बार्नीचा बोलबाला सुरू झाला. तोंडात कायम चिरूट. हादऱ्यानं दात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून तो चावत असायचा म्हणे. गावोगावच्या जत्रेत पैसे घेऊन शर्यती लावायचा. तीन फेऱ्यांची शर्यत. पहिली जिंकायची, दुसरी हरायची आणि तिसरी अगदी थोडक्यात जिंकायची, म्हणजे पब्लिक खूश. १९१३ साली त्याच्यावर मूकपट निघाला, त्यात तो स्वतःच होता. १९१४ साली लिंकन बीची या वैमानिकाच्या विमानाशी त्यानं मोटारीची शर्यत लावली. पुढं अमेरिकेत कुणी भरधाव गाडी चालवताना सापडला, की पोलीस त्याला स्वतःला बार्नी ओल्डफिल्ड समजतोस का, म्हणून झापायचे. इतकं ते नाव तोंडात बसलं होतं.

पण याला दुसरी बाजू आहे. सप्टेंबर १९०३ मध्ये ग्रोस पॉइंटला टायर फुटून त्याची गाडी कुंपणात घुसली आणि एक प्रेक्षक गेला. १९०४ साली सेंट लुईसला धुळीत समोरचं दिसेना, गाडी ट्रॅकबाहेर गेली आणि दोन माणसं मेली. ९९९ ची जुळी बहीण ॲरो, तिनंही सप्टेंबर १९०३ मध्ये मिलवॉकीला फ्रँक डे या ड्रायव्हरचा जीव घेतला. मोडलेली ॲरो दुरुस्त करून हेन्री फोर्डनं जानेवारी १९०४ मध्ये गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर ताशी १४७ किलोमीटरनं पळवली. नाव झालं ते वेगाचं. मेलेल्यांची नावं मागं पडली.

१९१० च्या मार्चमध्ये डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर बार्नीनं ब्लिट्झन बेंझ गाडी ताशी २१२ किलोमीटरनं पळवली. पुढच्याच वर्षी तीच गाडी बॉब बर्मन या त्याच्या मित्रानं २२८ ला नेली. दोघं एकमेकांचे स्पर्धक पण आणि दोस्त पण.

मित्र गेला, तेव्हा

८ एप्रिल १९१६ ला कॅलिफोर्नियातल्या कोरोना गावी बर्मनची गाडी उलटली. उघडी गाडी. वर काही नाही, पट्टा नाही. बर्मन गेला, सोबतचा मेकॅनिकही गेला.

बार्नी तेव्हा अडतीस वर्षांचा होता. बर्मनच्या गाडीचं इंजिन हॅरी मिलर या लॉस एंजेलिसच्या कारागिरानं बनवलेलं. बार्नी आणि मिलर एकत्र आले आणि उलटली तरी माणूस वाचेल अशी गाडी करायची ठरवली. १९१७ साली ती तयार झाली. ॲल्युमिनियमची बंद बॉडी, अंड्यासारखा गोलसर आकार, सोनेरी रंग. लोकांनी तिला गोल्डन सबमरीन म्हटलं, म्हणजे सोनेरी पाणबुडी. खिडक्यांना जाळी. आणि मुख्य म्हणजे आतून पोलादी पिंजरा, जो गाडी उलटली तर भार स्वतःवर घेईल. आज रॅलीच्या गाड्यांत पाइपांचा पिंजरा दिसतो, त्याचा हा फार जुना पूर्वज.

पण गंमत बघा. त्याच हंगामात एका अपघातात गाडीला आग लागली आणि बंद बॉडीत बार्नी आतच अडकला. कसाबसा बाहेर निघाला. त्यानंतर त्यानं गाडीचं छत कापूनच टाकलं. पिंजरा वाचवतो हे खरं, पण त्यातून पटकन बाहेर पडता आलं पाहिजे, हेही तितकंच खरं. शर्यतीच्या गाड्यांना पिंजरा सक्तीचा व्हायला मग कित्येक दशकं गेली.

१९१८ ला बार्नीनं शर्यती सोडल्या. स्वतःच्या नावाचे टायर काढले. १९२० साली इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकणारी गाडी त्याच टायरवर पळाली होती. पुढं १९२९ च्या मंदीत पैसा बुडाला. म्हणून तर उतारवयात ट्रॅक्टरवर बसायची वेळ आली. ४ ऑक्टोबर १९४६ ला बेव्हर्ली हिल्समध्ये तो वारला. ज्यानं इतक्या गाड्या जीव खाऊन पळवल्या, तो गेला घरीच.

९९९ आजही डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये उभी आहे. तिच्याकडं पाहिलं की कळतं, इंजिनावर किती जीव टाकलेला आणि माणसासाठी एक साधी खुर्ची तेवढी.

आपल्याकडंही ट्रॉली, टँकर, फवारणीचं यंत्र गावातच जोडून घेतो आपण. इंजिन किती एचपीचं हे आधी विचारतो. चासीच्या जोडाला, हुकाजवळच्या वेल्डिंगला चीर गेलीय का, हे कितीजण बघतात? ऊस भरायच्या आधी एकदा खाली वाकून बघा. चीर दिसली तर वरवर टाका मारून भागवू नका. जोड साफ करून, पट्टी देऊन, चांगल्या माणसाकडून करून घ्या. बार्नीला हे कळायला बर्मन जावा लागला.