पिनकोडचे वेलणकर

होस्टेलवर पार्सल मागवताना पत्त्याच्या शेवटी आपण सहा आकडे टाकतो. ते देणाऱ्या मराठी माणसाचं नाव आमच्या मजल्यावर एकालाही सांगता आलं नाही. ते होते श्रीराम भिकाजी वेलणकर.

वेलणकर केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते. तेव्हा टपालाचा घोळ मोठा. एकाच नावाची गावं अनेक, पत्ता कुणी मराठीत लिहिणार, कुणी तमिळमध्ये, कुणाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! वडगाव तर सातारा जिल्ह्यातही आहे आणि सांगलीतही. मनीऑर्डर भलत्या वडगावला गेली की घरची चूल थांबली. त्यावर वेलणकरांची योजना १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा (आठ भौगोलिक, नववा लष्कराचा), पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. हा सॉर्टिंगचा जिल्हा आणि कलेक्टरचा जिल्हा एकच नव्हे. सातारा ४१५००१, सांगली ४१६४१६, पण सांगली जिल्ह्यातलं विटा मात्र ४१५३११!

आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचंही दुखणं हेच. आय-टू-सी बसच्या दोन तारांवर अनेक चिप्स असतात, प्रत्येकीला सात बिटांचा पत्ता. एकूण १२८ पत्ते, त्यातले पहिले आठ आणि शेवटचे आठ राखीव. म्हणून चिप्स शोधताना लिनक्सचा कर्नल ८ ते ११९ च्या बाहेर जातच नाही. काही डेटाशीटमध्ये वाचा-लिहा हा बिट धरून पत्ता दुप्पट छापतात. ८० चा १६० झाला तर ड्रायव्हरमधली तपासणी लगेच पकडते. पण ३२ चा ६४ झाला तर? तो नियमात बसतो. तिथे दुसरीच चिप असली तर तीही ‘हजर’ म्हणते आणि आपला डेटा तिच्यात जातो. म्हणून चांगला ड्रायव्हर चिपचा ओळखक्रमांकही वाचून बघतो, अर्थात चिपमध्ये तो असेल तर.

वेलणकरांच्या योजनेत गावाचं नाव पाकिटावरून गेलं नाही, ते मला म्हणूनच फार शहाणपणाचं वाटतं. पिन चुकला तर नाव सांगतं, नाव चुकलं तर पिन सांगतो.

१९७३ साली दिल्लीत भरलेल्या ‘इंडिपेक्स’ या जागतिक टपाल-तिकीट प्रदर्शनाचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षाअखेरीस ते निवृत्त झाले. आणि हा आकड्यांचा माणूस संस्कृत कवी होता बरं का! मी कॉन्व्हेंटवाला, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण १९९६ साली संस्कृतसाठीचा राष्ट्रपती पुरस्कार त्यांना मिळाला. तीन वर्षांनी, १९९९ मध्ये, मुंबईत ते वारले.