छाती न उघडता बसते हृदयाची झडप. पण ७० वर्षांपूर्वी काय करत?

आज अंधेरी-मुलुंडच्या रुग्णालयांत मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून हृदयाची नवी झडप बसवतात. छाती उघडावी लागत नाही, हृदय थांबवावं लागत नाही.

१९५०च्या दशकात हृदय थांबवण्याची सोयच सर्रास नव्हती. तेव्हा परळच्या केईएममध्ये होते डॉ. प्रफुल्लकुमार सेन (१९१५-१९८२). संधिवाताच्या तापाने तरुणांच्या झडपा चिकटत, दोन पावलांत धाप लागे. डॉ. सेन बरगड्यांमधून आत जाऊन, धडधडत्या हृदयात बोट घालून झडप मोकळी करत. झडप दिसायची नाही. सगळी भिस्त बोटाच्या स्पर्शावर.

१६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. नाव झालं ते त्या शस्त्रक्रियेमुळे. पण माणसं पुन्हा जिने चढू लागली, ती झडपांच्या शस्त्रक्रियांमुळे.