विश्लेषण : ‘ऑब्जेक्ट’ना बोलते करणारे क्रिस्टन नीगार्ड कोण होते?

लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कार्यालयांत आज जावा, पायथनमध्ये प्रोग्राम लिहिले जातात. त्यामागची मूळ कल्पना मांडणारा गणितज्ञ मात्र कामगारांच्या बाजूचा होता.

नवी भाषा कशासाठी?
क्रिस्टन नीगार्ड यांचा जन्म १९२६ मध्ये ऑस्लोत झाला. संरक्षण संशोधन संस्थेतून १९६० मध्ये ते नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये आले. रांगा, कारखाने यांची प्रतिकृती संगणकावर उभारण्यासाठी त्यांनी ओले-योहान डाल यांच्यासह ‘सिम्युला’ ही भाषा घडवली. ‘सिम्युला ६७’मध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट आले.

ऑब्जेक्ट एकमेकांशी कसे बोलतात?
रुग्णालयात केसपेपरचा नंबर दिला की काम होते. फाइल एकच असते. ‘रेफरन्स’ हा तसाच ऑब्जेक्टचा पत्ता. तो हाती असला की एक ऑब्जेक्ट दुसऱ्याला काम सांगतो. ते आत कसे होते, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. एकच पत्ता दोघांकडे असेल, तर एकाने केलेला बदल दुसऱ्यालाही दिसतो. अनेक चुकांचे मूळ इथेच असते.

कामगारांशी संबंध काय?
हीच साधने कामगारांविरुद्धही वापरली जातील, हे नीगार्ड यांनी ओळखले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांनी लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेसोबत काम केले. कारखान्यात संगणक कसा यावा, हे ठरवताना कामगारांनाही विचारले जावे, ही त्यांची भूमिका होती. पुढे नॉर्वेत तसे करारही झाले.

दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. डाल जून २००२ मध्ये गेले. सहा आठवड्यांनी, १० ऑगस्टला, नीगार्डही.