ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

ज्या मराठींत आपण घरोघरीं प्रार्थना करितों, त्या भाषेस ख्रिस्तचरित्राचें महाकाव्य एका परदेशस्थ धर्मगुरूनें अर्पिलें, हें आपल्या तरुण मंडळीस या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं सांगणें उचित होय.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. त्या काळीं त्या देशांत कॅथलिक धर्म पाळणें संकटाचें होतें. मायभूमि सोडून ते रोमेस गेले व १५७५ सालीं येशूसंघांत प्रविष्ट झाले. ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदर सोडून ते ऑक्टोबर महिन्यांत गोव्यास पोहोंचले. वडिलांस धाडिलेलें त्यांचें प्रवासवर्णनाचें पत्र पुढें इंग्लंडांत छापलें गेलें, आणि तिकडील लोकांस या दूरच्या सागरमार्गाची ओळख झाली.

पुढील सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं गोव्यांत, बहुतेक साष्टी प्रांतांत, वेंचिलीं. ते कोंकणी व मराठी शिकले. १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचें नमूद केलें. विद्वानांनीं या नात्याचें शास्त्र उभारिलें, तें त्यानंतर सुमारें दोनशें वर्षांनीं.

नवख्रिस्ती लोकांस जुनीं पुराणें वर्ज्य झालीं होतीं. त्यांच्या जागीं गावयास व ऐकावयास कांहीं नव्हतें. ही उणीव जाणून फादरांनीं लोकांच्या ओठीं असलेली ओवीच निवडिली. सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्याच्या पहिल्या भागांत जुन्या कराराची कथा असून दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र आहे.

तथापि एक इच्छा अपुरी राहिली. हा ग्रंथ लोकांच्याच लिपींत छापावा, म्हणून १६०८ सालीं त्यांनीं रोममधील संघप्रमुखांकडे खिळे पाडण्याची परवानगी मागितली होती. तो बेत सिद्धीस गेला नाहीं. पुस्तक रोमन लिपींतच निघालें. १६१९ सालीं फादर प्रभुचरणीं लीन झाले. त्यांचें कोंकणी व्याकरण १६४० सालीं प्रसिद्ध झालें. भारतीय भाषेचें तें पहिलें छापील व्याकरण मानितात.

पहिल्या छापाची एकही प्रत आज ठाऊक नाहीं. परंतु लंडनमधील मार्सडेन संग्रहांत याच पुराणाचें एक हस्तलिखित आहे, आणि तें देवनागरींत आहे. जें छापखान्यास साधलें नाहीं, तें कोणा अज्ञात लेखकाच्या बोरूनें साधलें.

वाचकहो, परक्याची वाणी ज्यानें इतक्या प्रीतीनें आपलीशी केली, त्याचें खरें स्मारक दगडाचें नव्हे. आपलीं मुलें मराठी वाचतील व शेजाऱ्याची भाषा आदरानें शिकतील, तरच त्याचें ऋण अंशतः फिटेल.